वजनकाट्यावर तिच्यासंगं कोण होतं

तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे. ओळखणाऱ्यांपैकी एकालाही हे ठाऊक नाही — नवऱ्याला नाही, माहेरी नाही, सुमनला तर नाहीच. किंवा असेलही. सुमनला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे मला आता कळेनासं झालंय, आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

सुमन माझी धाकटी जाऊ. पण तिच्याआधी मला माझ्याबद्दल सांगावं लागेल. बघा — अजूनही आधी मीच.

कडा गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमची वस्ती आहे. थोडी घरं, सगळी भावकीतली, आणि सगळ्यांच्या दारात शेळ्या. माझा नवरा गावोगावच्या शेळ्या विकत घेऊन बाजारात नेतो. शेळी जिवंत वजनावर घेतात, म्हणून आमच्या दारात पत्र्याच्या शेडखाली मोठा वजनकाटा आहे. खाली लोखंडी चौथरा, शेजारच्या खांबावर लाल आकडे दाखवणारा डबा. आमच्या काट्याचं आजूबाजूला नाव आहे. दुसरीकडे शेळी मोजून आलेला माणूससुद्धा "एकदा तुमच्याकडं बघू" म्हणतो. नवऱ्यानं त्या काट्यावर कधी पावशेर इकडचं तिकडं केलं नाही. हे लक्षात असू द्या. पुढचं सगळं मी त्याच्या ह्या नावावर उभं केलं.

मी लठ्ठ होते. नुसती अंगानं भरलेली नाही — लठ्ठ. जमिनीवर बसले की उठताना कुणाचा तरी हात लागायचा. मोटारसायकलवर मागे बसले की नवरा म्हणायचा, पुढचं चाक जमिनीला लागतंय का बघ गं. मी हसायची, आणि घरी येऊन दोन भाकरी जास्त खायची. मग गुडघे बोलायला लागले, तेव्हा मनावर घेतलं. साखरेचा चहा बंद केला. सकाळी मोड आलेली मटकी, दुपारी एक भाकरी आणि वाटीभर भाजी, आणि दिवेलागण झाली की पाण्याशिवाय काही नाही. कुणी शिकवलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. आणि वजन उतरलं हो! खरंच उतरलं. उमापूरला मावसभावाच्या लग्नात सख्खी मावशी माझ्याकडे बघून दुसरीला विचारत होती, "ही पावणी कुणाची?" त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला, तेवढा माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

मग बायका विचारायला लागल्या. आधी नणंद, मग चुलत सासवा, मग शेजारच्या वस्तीवरच्या दोघी. मी कुणाच्या मागे लागले नाही. तुमचं बघून तर आमाला वाटायलंय, असं म्हणत त्याच आल्या. मी एक दिवस ठरवून दिला — बाजाराचा आदला दिवस, कारण बाजाराच्या दिवशी काट्यावर शेळ्यांची गर्दी असते. दुपार कलली की सगळ्या जमायच्या. चौथऱ्याचं लोखंड तापलेलं असायचं, म्हणून मी त्यावर गोणपाटाची जाड घडी टाकायची. एकेक बाई चपला काढून चढायची आणि लाल आकड्यांकडे डोळे मोठे करून बघायची. चढताना माझ्या खांद्याचा आधार घ्यायची. मला कुणाच्या तरी आधाराची सवय होती, आता माझा आधार घेत होत्या. काय सांगू, कसं वाटायचं ते.

पण वजन उतरायचं नाही. माझं उतरलं तसं त्यांचं उतरेना. एक म्हणाली, तुमचं अंगच येगळं, आमाला न्हाई जमायचं. दोघी यायच्या बंद झाल्या. मी शेडमध्ये एकटी त्या काट्याशेजारी बसून रस्त्याकडे बघत राहिले. बाकीच्याही अशाच जाणार, मग मला कोण विचारणार?

शेडचे पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर लोखंडाचे तुकडे ठेवलेले असतात. सुमनचा नवरा, म्हणजे माझे धाकटे दीर, उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. त्यांच्या ट्रॉलीच्या स्प्रिंगचा पाटा एकदा तुटला होता, त्याचे ते तुकडे. चपटे, हातभर, आणि दिसतात त्यापेक्षा जड. त्यातला एक मी गोणपाटाच्या घडीत सरकवला, काटा शून्यावर आणला, आणि डब्यावर फडकं टाकलं — धुळीसाठी टाकतोच आम्ही. मग बायका यायच्या आत तुकडा काढून घेतला; रिकाम्या चौथऱ्याचा उणे आकडा फडक्याखाली झाकलेला. बाई चढली की मी फडकं उचलायची, उतरायच्या आत पुन्हा टाकायची. झालं. प्रत्येकीचं वजन तुकड्याएवढं कमी. नणंद तर चौथऱ्यावरच नाचली.

यात काय बिघडलं, असं मी स्वतःला म्हटलं. बिघडलं असं दिसतही नव्हतं. हुरूप आला तशा त्या नेमानं खायला लागल्या, नेमानं चालायला लागल्या, आणि काहींचं पुढे खरंच उतरलं. इथपर्यंतचं मी कदाचित हसत सांगितलं असतं. थोडी फसवाफसवी, त्यातून भलं झालं — अशा गोष्टी लोक चहा पिताना सांगतात. मी तुम्हाला ते सांगायला बसलेले नाही. मी उगाच लांबवतेय, ते मला कळतंय.

सुमन शेवटी यायची. शेळ्यांच्या धारा काढून, हात पुसत. ती मुळात जाड नव्हतीच. ती आली ती माझ्यासाठी — अक्का करतायत तर आपणही करावं. लग्न होऊन आली तेव्हापासून तशीच. मी हिरवी साडी घेतली की तिला हिरवी. माझ्या हातची आमटी तिला तिच्या आईच्या आमटीपेक्षा आवडायची. दीर हंगामाला गेले की ती तिच्या लहान पोरीला घेऊन माझ्याच खोलीत झोपायची.

आणि तिचं वजन उतरायला लागलं. माझ्या मदतीशिवाय, खरोखरीचं, आणि भराभर. दर बाजाराला कमी. एका दुपारी लाल आकडे माझ्या वजनाच्या खाली गेले, आणि चुलत सासू टाळी वाजवून म्हणाली, "सुमे, तू तर अक्काच्या म्होरं गेलीस की गं! काय खातीस, सांग आमाला बी." आणि सगळ्या बायका — ज्या माझ्या खांद्याला धरून चढल्या होत्या — तिच्याकडे वळल्या. सुमन लाजून माझ्याकडे बघत होती. मी हसले. काय सुंदर हसले असेन.

पुढच्या वेळी बाकीच्यांचं झाल्यावर मी काटा पुन्हा शून्यावर आणला, आणि घडी नीट करायच्या निमित्तानं तुकडा आत सरकवला. ह्या वेळी काढला नाही. सुमन चढली. तिचं वजन तुकड्याएवढं वाढलं.

मी मनाशी म्हटलं होतं, आजच्यापुरतं. खरंच तसंच म्हटलं होतं. पण आज वाढलेलं वजन पुढच्या वेळी एकदम कसं उतरेल? आणि ती तर उतरतच होती. मग दुसरा तुकडा, मग तिसरा. सुमन दर वेळी त्याच आकड्याकडे बघायची आणि म्हणायची, "कावून उतरंना, अक्का? माझंच कायतरी चुकतंय." मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, भाकरी अर्धी कर.

तिनं अर्धी केली.

तुम्ही म्हणाल, घरात डोळे नव्हते का कुणाला? होते. पण आमच्या घरात काट्यावर डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास. शेळी कितीही गुबगुबीत दिसो, काटा म्हणेल ते खरं. तिच्या गालाची हाडं वर आली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, ब्लाउज दोनदा आत घेतले — आणि काटा म्हणत होता, आहे तेवढीच आहे. मग हळूहळू घरात काहीतरी वेगळंच वाटायला लागलं. ती आत आली तरी कळायचं नाही. बाजेवर बसली तर बाज करकरायची नाही. शेळ्यांच्या घोळक्यातून आपण गेलो की शेळ्या बाजूला होतात, तुम्हाला माहीत असेल. सुमन गेली की होईनाशा झाल्या. तशाच रवंथ करत उभ्या राहायच्या, आणि ती त्यांच्यामधून निघून जायची. हे मी एकटीनं पाहिलं असतं तर म्हटलं असतं, माझ्या मनाचे खेळ. पण सासूबाईंनी पाहिलं. त्यांनी त्या दिवशी जेवण ताटात तसंच ठेवलं.

संध्याकाळी तिचं अंग कोमट लागायचं. ती म्हणायची, चुलीपाशी होते. मध्यंतरी आशाताई आल्या, घरोघर क्षयरोगाची पाहणी चालली होती. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला? नाही. ताप? सुमननं मान हलवली, नाही. वजन घटलंय का? सुमन हसून म्हणाली, "कुठलं हो! एवढं करून बी तेवढंच हाय. अक्काला इचारा." आशाताईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी म्हणाले, "हो, तेवढंच आहे. दर बाजाराला बघतो की आम्ही."

हे वाक्य. बाकी सगळं एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला. तोपर्यंत मी पोरकट होते, हेवेखोर होते, काय म्हणायचं ते म्हणा. त्या दिवशी मला समजलं होतं. त्या काय विचारतायत आणि का विचारतायत, ते मला पुरतं समजलं होतं. आणि मी त्यांना चहा दिला.

सासूबाईंनी त्यांच्या परीनं हिशोब लावला. वजन तेवढंच, आणि माणूस तर अर्धं झालंय — मग राहिलेलं वजन कुणाचं? एका सकाळी त्या मला गोठ्याच्या मागे घेऊन गेल्या आणि कानाशी लागून म्हणाल्या, "तिच्यासंगं अजून कुनीतरी चढतंय काट्यावर."

माझ्या अंगावर काटा आला. का आला? मला तर ठाऊक होतं तिच्यासंगं कोण चढतंय. मीच चढवत होते. तरी त्या दिवसापासून मीही सुमनच्या मागे बघायला लागले — ती दारातून आत आली की तिच्या मागे आणखी कुणी येतंय का.

शिरूरकडच्या एका देवऋषीला बोलावलं. दीर कारखान्यावर होते, नवऱ्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण आईपुढे तो बोलला नाही. मी बोलू शकले असते. देवऋषी म्हणाला, जिथं ते दिसतं तिथंच उतरवायचं. म्हणजे काट्यावर. आणि सासूबाई म्हणाल्या, आधी त्याला दाखवा, किती भरते ती.

दिवेलागणीची वेळ होती. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांना लिंबं ठेवली. भावकीतल्या सगळ्या बाया पदर डोक्यावर घेऊन लांब उभ्या होत्या. मी गोणपाट टाकलं. तीन तुकडे आत. हो, तेव्हाही. तेव्हा तरी काढायचे ना? पण सगळ्यांदेखत आकडा एकदम खाली आला असता, आणि मग सगळे डोळे माझ्याकडे वळले असते. सुमन चढली. मी फडकं उचललं. तेवढाच आकडा. देवऋषीनं तिच्यावरून लिंबू उतरवलं, राख लावली, आणि तिला म्हणाला, उतर, मागं बघू नको.

ती उतरली. आणि मी फडकं टाकायला विसरले.

चौथऱ्यावर कुणी नव्हतं. नुसतं गोणपाट. आणि डब्यावर लाल आकडे तसेच जळत होते — लहान पोराएवढं वजन. वारा होता, त्यामुळे शेवटचा आकडा खालीवर होत होता, श्वास घेतल्यासारखा. मग सासूबाईंचा आवाज आला, इतका बारीक की तो त्यांचा वाटला नाही: "ती उतरली. ते अजून वरच हाय."

बायका पळाल्या. देवऋषीसुद्धा दोन पावलं मागे सरला. त्याच्या कपाळावरचा घाम मी पाहिला. सुमननं मागे वळून पाहिलं नाही — तिला बजावलं होतं ना. पाठमोरी, ताठ उभी राहून ती नुसतं विचारत होती, "काय झालं? अक्का, काय झालं?"

मी जाऊन डब्याची वायर ओढली. एवढंच करायचं होतं की ते गोणपाट उलगडायचं. लोखंडाचे तीन तुकडे खण्णकन खाली पडले असते, सगळ्यांना कळलं असतं, चार शिव्या बसल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी सुमन दवाखान्यात गेली असती. माझा हात गोणपाटाला लागला होता. मी हात काढून घेतला.

त्यानंतर अंगारे, उतारे, उपास. हो — उपास! तिला उपास सांगितले आणि तिनं केले. डोकं दुखतंय म्हणायची, तर ते आत बसलेलं जायला तयार नाही म्हणून दुखतंय, असं सगळे म्हणायचे. मग उलट्या सुरू झाल्या. आठवड्यामागून आठवडे गेले. एका सकाळी ती उठलीच नाही, मान ताठ झालेली, डोळे उघडे, आणि पोरगी तिला हलवत होती. दीर आदल्या दिवशीच कारखान्यावरून आले होते. त्यांनी तिला उचललं गाडीत ठेवायला. शेळ्या उचलून उचलून त्यांच्या हाताला वजन कळतं. उचलली, आणि तिथंच थांबले. तिला तसंच हातांवर धरून त्यांनी एकदा काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग गाडीकडे गेले.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, क्षय मेंदूपर्यंत गेलाय. विचारलं, वजन एवढं उतरेपर्यंत तुम्ही काय करत होता? दीर म्हणाले, "उतरलं न्हाई साहेब. आमचा काटा खोटा न्हाई." मी त्यांच्या शेजारी उभी होते.

सुमन वाचली. औषधं लागू पडली, अंग भरलं, ती पहिल्यासारखी चालती-बोलती झाली. फक्त डोळे गेले. ते परत यायचे नाहीत, असं सांगितलंय. पोरीच्या तोंडावरून ती हात फिरवते आणि विचारते, किती मोठी झाली गं. सासूबाई अजून म्हणतात, जाताना ते डोळे घेऊन गेलं. वस्तीवरही तेच सांगतात, आणि बाहेरगावचा माणूस शेळी घेऊन आला की आधी काट्याला हात जोडतो. नवऱ्यानं कारागीर बोलावून काटा तपासून घेतला. काट्यात काही दोष नव्हता.

ते तुकडे मी परत पत्र्यावर ठेवलेत. वारा सुटला की वाजतात.

बायका आता वजन करायला येत नाहीत. एकटी सुमन येते. बाजाराच्या आदल्या दिवशी, दुपार कलली की, भिंतीला हात लावत. डॉक्टरांनी वजनावर लक्ष ठेवायला सांगितलंय, म्हणते. दवाखाना काही लांब नाही, तिथंही काटा आहे, पण तिला आमच्याच काट्यावर करायचं असतं, आणि आकडा मीच वाचायचा असतो. दुसऱ्या कुणी वाचलेला तिला चालत नाही. ती चपला काढते. माझा खांदा धरते. आणि चढायच्या आधी एक पाय गोणपाटावर ठेवून अंगठ्यानं चाचपते — ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत, सावकाश. आधी कधी ती असं करत नव्हती. आंधळं माणूस चाचपणारच, असं म्हणता येईल. मीही म्हणून पाहिलं. पण जिथं मी तुकडे सरकवायची, बरोबर त्या कडेला तिचा अंगठा थांबतो.

तिथं काही नसतं. मी श्वास धरून उभी असते, आणि तिचा हात माझ्या खांद्यावर असतो, तेव्हा मी श्वास धरलाय हे तिला कळत असणार. मग ती वर चढते, तोंड माझ्याकडे करते आणि विचारते, "किती, अक्का?"

मी खरा आकडा वाचते. ती "बरं" म्हणते. पण लगेच उतरत नाही.